तापीच्या पाण्यातले पाहुणे

सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ सालची शिवछत्रपतींची स्वारी आठवते. इंग्रजांच्या इतिहासात १६०८ च्या ऑगस्ट महिन्यात तापीच्या मुखाशी आलेल्या विल्यम हॉकिन्सच्या ‘हेक्टर’ जहाजाला तोच मान आहे. ज्या पावसाळ्यात हे जहाज आले, त्याच ऋतूत एक जुना पाहुणा समुद्रातून तापीत शिरत असे. तो म्हणजे पाला मासा. सिंधमध्ये त्याला पल्ला म्हणतात, बंगालात इलिश, तर गुजरातेत चाकसी.

सुरतेपाशी तापी ऋतूप्रमाणे रूप पालटते. उन्हाळ्यात तिचा ओघ क्षीण होतो. त्या दिवसांत पूर्वी भरतीचे खारे पाणी शहरापर्यंत चढे आणि त्याच्याबरोबर बोय व कोळंबी येत. चिखलाच्या काठावर निवट्या उड्या मारीत. आषाढात पूर आला की गोडे पाणी खाऱ्याला मागे रेटी. मग पाला प्रवाहाविरुद्ध वर चढे, गोड्या पाण्यात अंडी घाली आणि समुद्राकडे परते. पिले नदीत वाढून मागाहून खाली उतरत. घाट तोच, परंतु महिन्यागणिक मासे निराळे. म्हणून मच्छिमारालाही जाळे बदलावे लागे.

या येरझारीला बंधाऱ्यांमुळे बाध येईल, ही चिंता नवी नाही. दक्षिणेत कावेरी-गोदावरीवर बंधारे बांधणारे सर आर्थर कॉटन यांनीच १८६७ मध्ये ती सरकारपुढे मांडली. पुढे फ्रान्सिस डे यांनी देशभरच्या नद्यांतील मासेमारीची पाहणी केली. त्यांचा अहवाल १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९७ च्या कायद्याने सुरुंग व विष वापरून मासे मारण्यास मनाई झाली. नदीची वाट मात्र पुढे अडत गेली.

सुरत मुंबई राज्यात असतानाच तापीवर काकरापारचा बंधारा झाला. १९७२ मध्ये उकाई धरण पुरे झाले आणि त्याचे पाणी खानदेशात नवापूरच्या सीमेपर्यंत पसरले. १९९५ मध्ये रांदेर व सिंगणपोर यांच्यामध्ये बंधारा होऊन भरतीचे पाणीही अडले. शेताला पाणी मिळाले, सुरतेची तहान भागली. हा लाभ कोणीही नाकारणार नाही. उकाईच्या जलाशयात गंगेकडचे कटला व रोहू सोडण्यात आले व तेथे नवी मासेमारी उभी राहिली. परंतु तळ्यातला मासा वर्षभर तळ्यातच राहतो. समुद्र व नदी यांना जोडणारा पाल्याचा प्रवास त्याने भरून निघत नाही.

बंधारा बांधताना माणसाच्या गरजेबरोबर माशाच्या वाटेचाही विचार व्हावा, हा कॉटनसाहेबांचा प्रश्न दीडशे वर्षांनंतरही उभाच आहे. नदी अडवणाऱ्यानेच तो प्रथम विचारला होता, हे विसरता कामा नये.