हाताची कसोटी

गेल्या जूनमध्ये माझ्या वर्गातला एक मुलगा जांभळाच्या झाडावरून पडला. आठ दिवसांनी तो गळ्यात झोळी अडकवून शाळेत आला, आणि येताना क्षकिरणांच्या फोटोंचे पाकीटही घेऊन आला. मधल्या सुट्टीत साऱ्या वर्गाने ते फोटो खिडकीच्या उजेडात धरून पाहिले. एक मोडलेल्या मनगटाचा होता. त्यात हाडे चुन्यासारखी पांढरीशुभ्र. दुसरा छातीचा, फुफ्फुसांना काही इजा नाही ना, हे पाहण्यासाठी घेतलेला. त्यात बरगड्या कशा धूसर, अंग चोरून उभ्या असल्यासारख्या! "गुरुजी, हाडे माझीच, यंत्रही तेच, मग बरगड्या अशा फिकट का?" त्याने विचारले. तेवढ्यात घंटा झाली, आणि मी सुटलो.

पण प्रश्न काही सुटेना. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा पुस्तके उघडून बसलो. आणि त्या फिकट बरगड्यांच्या मागे माणसांच्या हातांची एक करुण कहाणी आहे, असे ध्यानात आले.

कहाणीचा आरंभ सर्वांच्या परिचयाचा आहे. 8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन या प्राध्यापकाला काळ्या कागदात गुंडाळलेल्या नळीतून बाहेर पडणारे अदृश्य किरण सापडले. बीजगणितातल्या अज्ञात राशीचे नाव त्याने त्यांना दिले. म्हणून आपल्याकडे ते क्षकिरण झाले. 22 डिसेंबरला त्याने पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे आणि त्यांवरची अंगठी साऱ्या जगाने पाहिली. या शोधाचे एकस्व मात्र राँटगेनने घेतले नाही. त्यामुळे काही महिन्यांतच देशोदेशींचे डॉक्टर, छायाचित्रकार आणि हौशी लोक नळ्या पेटवून बसले.

पण नळी मोठी लहरी! तिच्यात थोडी हवा शिल्लक ठेवलेली असे. विजेचा दाब दिला की त्या विरळ वायूचे कण ऋणाग्रावर आदळत, त्यातून इलेक्ट्रॉन सुटत, आणि ते समोर आपटले की क्षकिरण निघत. वापरता वापरता काचेच्या भिंती हा वायू शोषून घेत. मग नळी चालवायला अधिक दाब लागे आणि किरण अधिक भेदक निघत. अशा नळीला 'कठीण' म्हणत. वायू भरपूर असला तर ती 'मऊ'. कठीण झालेली नळी स्पिरिटच्या दिव्यावर शेकून काचेतला वायू पुन्हा बाहेर काढावा लागे. किरण किती निघणार आणि किती भेदक निघणार, या दोन्ही गोष्टी एकाच वायूच्या मुठीत होत्या. पाऊस किती पडावा आणि किती जोराने पडावा, हे निरनिराळे ठरवायची सोयच नव्हती.

मग आज नळी मऊ आहे की कठीण, हे ओळखायचे कसे? सोपा उपाय होता. चालकाने आपला हात किरणांत धरायचा आणि चमकत्या पडद्यावर त्याची सावली पाहायची. हाडे काळीभोर दिसली आणि मांसही गडद राहिले, तर नळी मऊ. हाडेही फिकी पडली, तर कठीण. रोज, दिवसातून कित्येकदा, हीच कसोटी. ज्या हाताने यंत्र चालवायचे, तोच हात यंत्राचे माप झाला.

या मापाची किंमत हातांनीच मोजली. अमेरिकेत एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली नळ्या तपासण्याचे काम करी. त्याचे हात भाजले, चिघळले. शेवटी तोडावे लागले. आणि 1904 साली तो मरण पावला. एडिसनने या कामाला कायमचा रामराम ठोकला. बोस्टनचा दंतवैद्य विल्यम रोलिन्स त्याच सुमारास सांगत होता, की नळीला शिशाचे कवच घाला, हवा तेवढाच झोत बाहेर येऊ द्या. गिनीपिग या किरणांनी मरतात, हे त्याने 1901 साली दाखवूनही दिले. फारसे कोणी ऐकले नाही. पुढे 1936 साली हॅम्बुर्ग येथे या किरणांना बळी पडलेल्यांचे स्मारक उभारले गेले. त्यावर आरंभी 169 नावे कोरलेली होती.

या लहरीला लगाम घातला तो विल्यम कूलिज याने, 1913 साली, अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे. त्याने नळीतली हवा जवळजवळ सगळी काढून टाकली आणि ऋणाग्राच्या जागी टंगस्टनची तार बसवली. तार तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. जितकी अधिक तापवावी, तितके अधिक. झाले! तारेच्या तापमानाने किरणांची संख्या ठरू लागली, आणि विजेच्या दाबाने त्यांची भेदकता. एका मुठीतल्या दोन गोष्टी दोन निराळ्या खुंट्यांवर आल्या. आता नळीची प्रकृती पाहण्यासाठी कोणी हात पुढे करायचे कारण उरले नाही.

त्याच वर्षी बर्लिनच्या गुस्ताव बकीने दुसरी अडचण दूर केली. जाड शरीरातून जाताना किरण इतस्ततः विखुरतात आणि चित्रावर धुके पसरवतात. बकीने मध्ये शिशाच्या पट्ट्यांची जाळी धरली. सरळ येणारे किरण पार होत, तिरपे बरेचसे अडत. जाळीच्या रेघा मात्र चित्रात उमटत. शिकागोच्या हॉलिस पॉटरने चित्र घेताना जाळीच हलती ठेवली आणि रेघा पुसून टाकल्या. शिवाय नळीच्या तोंडाशी अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आला. जे दुबळे किरण चित्रापर्यंत पोचतच नाहीत, नुसते कातडीत जिरतात, ते बरेचसे या पत्र्यातच अडू लागले.

एवढे वाचल्यावर मला माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर सापडले. मनगटासाठी दाब ठेवतात साधारण 50 ते 55 हजार व्होल्ट. तेवढ्या किरणांना हाडातला चुना चांगलाच अडवतो, म्हणून हाड पांढरे दिसते. छातीसाठी तोच दाब बहुधा 110 हजारांच्या पुढे नेतात. मग बरगड्यांचा अडसर कमी होतो आणि त्यांच्यामागचे फुफ्फुस दिसते. बरगड्या फिकट पडल्या नव्हत्या. त्यांना मुद्दाम बाजूला उभे केले होते.

मात्र एक गोष्ट मनात रुतून बसली. फिल्म होती तेव्हा किरण जास्त झाले की चित्र काळे पडे. चूक तिथल्या तिथे पकडली जाई. आजचे संगणकी यंत्र उजळपणा आपणच सावरून घेते. किरण थोडे जास्त झाले तर चित्र उलट अधिक स्वच्छच दिसते. जास्तीचा भाग रुग्णाच्या शरीरात जातो, आणि चित्र त्याबद्दल ब्र काढत नाही. म्हणून यंत्र कितीही शहाणे झाले, तरी आकडे पाहून थोडक्यात भागवणारा दक्ष माणूस खुंट्यांपाशी लागतोच.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सारे सांगितले. मुलगा झोळीतल्या आपल्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, त्या डॅलीचा फोटो कुठे मिळेल?"