चौऱ्याण्णव वर्षांचा आरोपी

शनिवारी रात्री यूट्यूबवर भलतंच काहीतरी बघायला बसलो होतो आणि एका म्हाताऱ्यापाशी अडकलो. वॉकर धरून कोर्टात येणारा, सोसायटीच्या बाकावर दिसतील तसले आजोबा. 'हा' लिहू की 'हे' लिहू, इथेच माझी गाडी अडली. शेवटी 'हा' लिहितोय.

हा ऑस्कर ग्रोनिंग. जन्म १९२१, जर्मनी. शिक्षण बँकेच्या नोकरीचं, म्हणून एसएसने त्याला ऑश्वित्झमध्ये हिशेबाला बसवलं. गाड्या भरभरून येणाऱ्या ज्यूंच्या सामानावर पहारा द्यायचा, त्यातल्या नोटा मोजायच्या, बर्लिनला पाठवायच्या. त्याने स्वतः कोणाला मारल्याचा पुरावा नव्हता. एका एसएसवाल्याने रडणाऱ्या तान्ह्या बाळाला ट्रकवर आपटून मारलं, ते पाहून तो साहेबाकडे तक्रार घेऊन गेला होता, बदलीही मागितली होती. पण बदली होईपर्यंत नोटा मोजतच राहिला.

(आमच्या धंद्यात 'मी फक्त माझं मॉड्यूल लिहिलं' हे वाक्य रोज ऐकू येतं. आपण करतो ते काम निरुपद्रवी असतं हो, पण वाक्य तेच आहे. असो.)

युद्धानंतर तो गावी परतला, काचेच्या कारखान्यात नोकरी केली, पोस्टाची तिकिटं जमवली. लपला वगैरे अजिबात नाही. गंमत म्हणजे त्याचं तोंड उघडलं ते तिकिटांमुळेच. १९८५ च्या सुमाराला क्लबातल्या एका गृहस्थाने त्याला 'ऑश्वित्झ खोटं आहे' असं सांगणारं पुस्तक दिलं. त्याने ते परत केलं, सोबत स्वतःच्या हाताने लिहून, की मी तिथे होतो आणि हे सगळं खरं आहे. २००५ मध्ये बीबीसीच्या माहितीपटात तो हेच कॅमेऱ्यासमोर बोलला.

मग खटला २०१५ साली का? तर खुनाच्या खटल्यांची मुदत जर्मन संसदेने १९६५ आणि १९६९ मध्ये वाढवली, १९७९ मध्ये ती काढूनच टाकली. म्हणजे कायदा आड येत नव्हता. पण आरोपीने नेमक्या कुठल्या खुनात हात लावला ते दाखवा, असा कोर्टांचा हट्ट होता. कारखान्यासारख्या चालणाऱ्या कत्तलीत ते दाखवणार कसं? ग्रोनिंगची चौकशी १९८५ मध्ये बंदच केली गेली. २०११ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने डेम्यान्युक खटल्यात म्हटलं, की मृत्युछावणीत पहारा देणं हीच खुनाला मदत. तिथून फायली पुन्हा उघडल्या.

एप्रिल २०१५ मध्ये ल्यूनेबुर्गला खटला उभा राहिला. मे ते जुलै १९४४ मध्ये हंगेरीतून आणलेल्या किमान ३ लाख ज्यूंच्या खुनाला साहाय्य, हा आरोप. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, नैतिकदृष्ट्या मी दोषी आहेच, कायद्याचं तुम्ही ठरवा. १५ जुलैला कोर्टाने ठरवलं: चार वर्षं. सरकारी वकिलाने मागितली होती साडेतीन.

आता एव्हा कोर. दहा वर्षांची असताना जुळ्या बहिणीसह ऑश्वित्झला आली. मेंगेलेच्या प्रयोगांतून दोघी वाचल्या, पण आईवडील आणि दोन मोठ्या बहिणी गेल्या. खटल्यात ती फिर्यादींच्या बाजूनेच होती. साक्ष देऊन ती ग्रोनिंगला भेटायला गेली, त्याने तिच्या गालाचं चुंबन घेतलं. मी माफ केलंय, ती म्हणाली, तुरुंगात टाकण्यापेक्षा त्याला तरुण पोरांसमोर बोलायला लावा. बाकीच्यांपैकी ४९ फिर्यादी हादरले. त्यांनी निवेदन काढलं, की मेलेल्यांच्या वतीने माफी द्यायचा हक्क आमच्याकडे नाही.

दोन्ही वाचलं की दोन्ही पटतं, हीच पंचाईत. मला वाटतं आपल्याकडचे दोन शब्द इथे कामाला येतात. क्षमा ही ज्याचं गेलं त्याने करायची. एव्हाने ती स्वतःपुरती केली, आपण कोण बोलणार. 'दयेचा अर्ज' मात्र सरकारकडे जातो. आणि ज्या सरकारने १९८५ मध्ये धडधाकट माणसाची फाईल मिटवली, ते आता वयाकडे बघून दया दाखवायला लागलं, तर ते स्वतःच्याच आळसाला सूट देणं होईल. ऑश्वित्झमधले सुमारे साडेसहा हजार एसएसवाले युद्धातून वाचले. पश्चिम जर्मनीत आणि नंतरच्या एकत्र जर्मनीत शिक्षा झाली ती तिसाच्या आसपास लोकांना.

खटला हवाच होता, याबद्दल मला शंका नाही. ती साक्ष कोर्टाच्या दप्तरात गेली, हेच मोठं. तुरुंगाबद्दल मात्र रविवार संपला तरी माझं मन हो-नाही करतंय.

अपील फेटाळलं गेलं, घटनापीठानेही हात वर केले, जानेवारी २०१८ मध्ये दयेचा अर्जही नाकारला. पुन्हा एक अर्ज गेला. ९ मार्च २०१८ ला ग्रोनिंग हॉस्पिटलात वारला, वय ९६, तुरुंगात एकही दिवस न काढता. एव्हा २०१९ च्या जुलैत पोलंडमध्ये गेली. दरवर्षीप्रमाणे लोकांना ऑश्वित्झ दाखवायला आली होती.