सात इंचांचा प्रश्न

लंडनला मुलीकडे जायचे ठरले तेव्हा आमच्या घरात तीनच प्रश्न होते. व्हिसा मिळेल का, थंडी सोसेल का, आणि लोणच्याची बरणी विमानात फुटणार तर नाही ना? चौथा प्रश्न जावईबापूंनी टाकला. रात्री फोनवर ते म्हणाले, "बाबा, तिकिटं काढतोय. इकॉनॉमी काढू की प्रीमियम इकॉनॉमी?"

इकॉनॉमी म्हणजे काटकसर हे मला ठाऊक होते. प्रीमियम म्हणजे विम्यासाठी दरवर्षी भरतो तो. या दोघांचा संसार कुणी मांडून दिला? उंची काटकसर! आमचे एक मामा किलोमागे चार रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून गावाबाहेरच्या बाजारातून तूरडाळ आणीत, आणि जायला-यायला रिक्षा करीत. त्यांना हा वर्ग पटकन समजला असता.

"म्हणजे बाबा, पाय ठेवायला जागा जास्त," जावई म्हणाले.

"किती?"

साध्या खुर्चीला ३१-३२ इंच मिळतात. म्हणजे पुढच्याच्या पाठीपासून आपल्या पाठीपर्यंत. या नव्या वर्गात ३८च्या आसपास. आणि भाड्यातला फरक? दोघांचा जाऊन-येऊन चौऱ्याऐंशी हजार. माझी हयात मोजणी खात्यात गेलेली. फोन ठेवायच्या आत हिशेब तयार होता. माणशी सात, दोघांचे चौदा इंच. इंचाला सहा हजार रुपये. जमिनीचा भाव मी एकराने ऐकला, गुंठ्याने ऐकला, पुण्यात आल्यावर चौरस फुटाने ऐकून चक्करही येऊन गेली. पण जमिनीपासून दहा किलोमीटर वर, नुसत्या हवेचा भाव इंचावर, आणि तोही सात-बारा नावावर न होता!

यात हसण्यासारखे नव्हते ते एवढेच, की हिचा उजवा गुडघा. नऊ-दहा तास तो दुमडून ठेवायचा नाही असे डॉक्टरांनी बजावले होते. ही मात्र म्हणाली, "एवढे पैसे? त्यापेक्षा मी उभी येईन."

निर्णय होत नसला की माणसाने इतिहासात शिरावे. निर्णय तरीही होत नाही, पण वेळ बरा जातो.

विमानातला स्वस्त वर्ग काही मुळापासून नव्हता. अटलांटिकवरून जाणाऱ्या विमानांत 'टूरिस्ट' वर्ग आला १९५२ साली, आणि 'इकॉनॉमी' हे नाव घेऊन त्याहून स्वस्त वर्ग आला १९५८मध्ये. कोणत्या वर्गाला काय द्यायचे हे विमान कंपन्यांच्या संघटनेने, आयाटाने, सोवळ्यातल्या स्वयंपाकाच्या काटेकोरपणे ठरवून दिले होते. इकॉनॉमीला गरम जेवण नाही. थंड, साधे सँडविच. तर स्कँडिनेव्हियन कंपनीने काय करावे? त्यांच्याकडे सँडविच उघडेच असते, वर दुसरा पाव नसतोच. त्यांनी एका पावावर मांस, मासे, चीज, सॅलड असा डोंगर रचला आणि सांगितले, हे आमचे साधे सँडविच! पॅन ॲम कंपनीने तक्रार केली. सँडविच म्हणजे काय यावर मोठमोठ्या माणसांनी खल केला आणि शेवटी स्कँडिनेव्हियन कंपनीला दंड झाला. गरिबाच्या पानात जास्त वाढल्याबद्दल दंड झाल्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी माहीत नाही.

पुढे सत्तरच्या दशकात सवलतीची तिकिटे निघाली आणि नवेच दुखणे उपटले. पूर्ण भाडे भरणारा साहेब आणि निम्म्यात आलेला प्रवासी शेजारी-शेजारी बसू लागले. भाव विचारायची सवय फक्त आपल्यालाच आहे असे नाही. साहेब चिडला. मग १९७६ साली के.एल.एम.ने पूर्ण भाडेवाल्यांना इकॉनॉमीतच पुढे, वेगळे बसवायला सुरुवात केली. १९७८मध्ये पॅन ॲम आणि ब्रिटिश एअरवेजही त्याच वाटेने गेल्या. आज ज्याला बिझनेस क्लास म्हणतात तो हाच. म्हणजे जन्माने तो प्रीमियम इकॉनॉमीच! पुढे अंगाने भरला, त्याच्या खुर्चीचा पलंग झाला, आणि तो मागे वळून ओळख देईनासा झाला. मधली जागा पुन्हा रिकामी पडली. ती १९९२च्या सुमारास तैवानच्या एका कंपनीने आणि व्हर्जिन अटलांटिकने भरून काढली. व्हर्जिनने आपल्या वर्गाला पहिले नाव दिले होते 'मिड क्लास'. मध्यमवर्ग! इतके खरे नाव टिकणे शक्यच नव्हते. थोड्याच काळात त्याचे 'प्रीमियम इकॉनॉमी' झाले.

हे वाचताना मला सारखे वाटत होते, की हे आपण कुठेतरी पाहिले आहे. मग आठवले. अहो, हा तर आपला इंटर!

रेल्वेच्या सेकंड आणि थर्ड यांच्यामध्ये इंटर क्लास असे. सेकंड परवडत नाही आणि थर्डमध्ये बसलेले ओळखीच्यांनी पाहू नये, अशा मास्तर-कारकुनांची ती सोय. १९५५ साली जुना फर्स्ट रद्द झाला, सेकंडला फर्स्ट म्हणू लागले आणि इंटरला सेकंड. बाकावरून न उठता एवढी बढती सरकारी नोकरीत कुणालाच मिळाली नसेल. १९७४ साली थर्डचेही नाव सेकंड झाले. लाकडी फळी तीच. ती बदलली ती मधू दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर, १९७७नंतर. त्यांनी सेकंडच्या फळीवर दोन इंच फोम घातला. दोनच इंच, पण सगळ्यांना.

आमच्या अण्णांनी इंटरचे तिकीट जन्मात एकदाच काढले. १९५४ साल, मी सात वर्षांचा. आईचे मुंबईत पोटाचे ऑपरेशन झाले होते आणि तिला जळगावला घरी न्यायचे होते. अण्णांनी तिला इंटरमध्ये बसवले आणि मला घेऊन स्वतः थर्डमध्ये चढले. प्रत्येक स्टेशनावर उतरून धावत जात, खिडकीशी उभे राहून "ठीक आहे ना?" विचारत आणि गार्डाची शिट्टी झाली की धोतर सावरीत परत येत.

मी जावयांना फोन केला. "आईंना प्रीमियम, मला साधी." निम्मे पैसे वाचले आणि गुडघाही. ही दोन दिवस बोलली नाही, त्याला मी संमती धरले.

विमानात तिला पुढे सोडून मी मागे माझ्या जागी आलो. माझे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकले होते. नमस्कार करावा तसा. शेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या. आता दर तासाला उठून अण्णांसारखे विचारून यावे म्हटले, तर मध्ये पडदा, आणि पड‌द्यापाशी हवाईसुंदरी. "सर, तुमचं टॉयलेट मागे आहे."

दोन तासांनी पडदा हलला. ही येत होती. एका हातात शाल, दुसऱ्यात पर्स, बगलेत चिवड्याचा डबा, आणि मागून तिची उशी घेतलेली तीच हवाईसुंदरी.

"अगं, काय झालं? गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय! तिथे शेजारी एक गृहस्थ कानात बोळे घालून झोपलेत. बोलायचं कुणाशी?"

इगतपुरीला विजेचे इंजिन काढून वाफेचे जोडत, त्यामुळे गाडी बराच वेळ थांबे. अण्णा पाणी घेऊन इंटरच्या खिडकीशी गेले, तर आई जागेवर नव्हती. ती आमच्या डब्यात, कुणाच्या तरी वळकटीवर टेकून बसली होती आणि मला दशमी भरवत होती. वाया गेलेल्या त्या पैशांबद्दल अण्णा तिला पुढे कितीतरी वर्षे बोलत असत.

हिने पाय लांब करून माझ्या मांडीवर ठेवला आणि डबा उघडला. पडद्यापलीकडे एकवीस हजारांची खुर्ची रिकामीच लंडनला निघाली होती.

"हिशेब करू नका," ही म्हणाली, "चिवडा घ्या."