गिरणींतल्या मुलींचें मासिक

चार्ल्स डिकन्स १८४२ सालीं अमेरिकेच्या प्रवासास गेला, तेव्हां बोस्टनपासून जवळच असलेलें लोवेल हें कापडगिरण्यांचें शहर त्यानें मुद्दाम आगगाडीनें जाऊन पाहिलें. इंग्लंडांतील कारखान्यांची आणि त्यांत खपणाऱ्या बायकामुलांची दैना त्याला चांगली ठाऊक होती. लोवेल पाहून आल्यावर त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत तीन गोष्टी मोजून सांगितल्या, आणि त्या वाचून आपले देशबांधव चकित होतील असेंही म्हटलें. गिरणींत काम करणाऱ्या मुली जेथें राहतात, त्यांपैकीं पुष्कळ वसतिगृहांत पियानो आहे. जवळजवळ सर्व मुली पुस्तकालयाच्या वर्गणीदार आहेत. आणि या मुली स्वतः लेख लिहून एक मासिक काढतात. त्या मासिकाचीं चारशें पानें डिकन्सनें बरोबर आणिलीं आणि अथपासून इतिपर्यंत वाचून काढलीं.

पियानो आणि पुस्तकालय यांचें कौतुक करून आपण सहज पुढें जातों. मला मात्र या तिसऱ्या गोष्टीनें फार वर्षें गुंतवून ठेविलें आहे. स्त्रियांच्या आयुष्याविषयीं जगाच्या वाङ्मयांत थोडें लिहिलेलें नाहीं. पण तें बहुतेक पुरुषांनीं लिहिलेलें, आणि राणी, साध्वी, नायिका किंवा कुलटा यांच्याविषयीं लिहिलेलें. पहांटे उठून कामावर जाणारी, पगार मोजून घेणारी, रात्रीं दिव्यापाशीं बसून आपल्याशींच विचार करणारी अविवाहित तरुण मुलगी इतिहासाच्या पानांवर सहसा दिसत नाहीं. आणि दिसली तरी ती बोलत नाहीं. लोवेलची मुलगी बोलली. ती काय बोलली, आणि काय बोलावयाचें राहून गेलें, हें पाहणें हा या लेखाचा हेतु आहे.

फ्रान्सिस कॅबट लोवेल हा बोस्टनचा व्यापारी १८१० ते १८१२ या काळांत इंग्लंडांत राहिला आणि तेथील यंत्रमागाची रचना डोक्यांत सांठवून परत आला. त्यानें व त्याच्या भागीदारांनीं वॉल्थॅम येथें गिरणी काढली. १८१७ सालीं तो वारला. त्याच्या मागें भागीदारांनीं मेरिमॅक नदीच्या धबधब्यापाशीं मोठी जागा घेतली, १८२३ सालीं तेथें पहिली गिरणी चालूं केली आणि पुढें त्या गांवाला त्याचें नांव दिलें. १८४० पर्यंत गांवाची वस्ती २०,००० वर गेली होती. पाणी होतें, भांडवल होतें, यंत्रें होतीं. माणसें कोठून आणावयाचीं, हा प्रश्न होता. जमीन मुबलक असलेल्या देशांत पुरुष गिरणीकडे वळेनात. तेव्हां मालकांनीं न्यू इंग्लंडच्या खेड्यांतील शेतकऱ्यांच्या मुली बोलाविल्या.

परंतु मुलगी दूरच्या गांवीं एकटी पाठवावयाची म्हणजे बापाला विश्वास पटला पाहिजे. म्हणून कंपन्यांनीं गिरण्यांच्या शेजारीं वसतिगृहें बांधलीं. त्यांवर देखरेख करण्यास प्रौढ बाई असे, आणि ती बहुधा विधवा असे. रात्रीं दहाला दार बंद होई. रविवारीं प्रार्थनामंदिरांत गेलेंच पाहिजे, असा नियम होता. वर्तन वाईट ठरलें तर कामावरून काढून टाकीत. आपल्याकडे मुलीला परगांवीं नोकरीस पाठवितांना घरचीं वडील माणसें जे प्रश्न विचारतात, त्या सर्वांचें उत्तर मालकांनीं आधींच तयार ठेविलें होतें. त्यांत सद्भाव किती आणि धंद्याचें धोरण किती, याचा निवाडा वाचकांनींच करावा. एवढें खरें कीं, या नियमांच्या आडोशानें हजारों मुली घराबाहेर पडल्या.

त्यांचा दिवस घंटेवर चाले. उन्हाळ्यांत साडेचारच्या सुमारास पहिली घंटा होई, पांचला यंत्रें सुरू होत आणि तीं सायंकाळीं सातला थांबत. मध्यें न्याहारीला व जेवणाला अर्धा अर्धा तास. तेवढ्यांत वसतिगृहापर्यंत धांवत जावयाचें, जेवावयाचें आणि परत यावयाचें. आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून काम सुमारें ७३ तासांचें होई. सूत तुटूं नये म्हणून हवा दमट ठेवावी लागे, यासाठीं खिडक्या बंद असत; हिवाळ्यांत तेलाचे दिवे जळत, आणि श्वासागणिक कापसाचे तंतु नाकांत जात. रात्रीं निजावयाचें तें एका खोलींत चार-सहा जणींनीं आणि एका बिछान्यांत दोघींनीं. मासिकाची एक संपादिका हॅरिएट फार्ले हिनें १८४४ सालीं सूझन नांवाच्या कल्पित मुलीचीं पत्रें लिहिलीं. यंत्रांचा आवाज काम सुटल्यावरही कानांत रातकिड्यांसारखा घुमत राहतो, आणि दिवसभर उभें राहून पाय मोठे झाल्यामुळें वाढत्या मापाचे जोडे घ्यावे लागतात, अशी माहिती त्यांत येते. ती तक्रारीच्या सुरांत येत नाहीं. गांवाकडच्या मैत्रिणीला सहज कळवावें तशी येते. म्हणूनच ती खरी वाटते.

मग या मुली तेथें राहत कां? पैशासाठीं, हें उत्तर खरें आहे. पण अपुरें आहे. भावाचें कॉलेजचें शिक्षण, बापाच्या शेतावरचें गहाण, स्वतःच्या लग्नाचे कपडे यांसाठीं पगार खर्च होई, हें त्यांच्या लेखांवरून दिसतें. परंतु मिळवित्या स्त्रीची कायद्यांतील स्थितिही ध्यानांत घेतली पाहिजे. त्या काळीं मॅसॅच्युसेट्स राज्यांत विवाहित स्त्रीच्या कमाईवर नवऱ्याचा हक्क असे. तो कायदा बदलावयास १८५५ साल उजाडावें लागलें. हॅरिएट हॅन्सन रॉबिन्सन ही लहानपणीं लोवेलच्या गिरणींत होती. तिच्या आठवणी १८९८ सालीं प्रसिद्ध झाल्या. नवऱ्यानें पगार हिरावून नेऊं नये म्हणून खोटें नांव सांगून गिरणींत राहिलेल्या बायकांची हकीकत तींत आहे. म्हणजे लग्नापूर्वींचीं तीं चार-सहा वर्षें, एवढाच काय तो काळ, कीं जेव्हां मिळविलेला डॉलर मिळविणारीचा होता. डिकन्स सांगतो कीं, जुलै १८४१ मध्यें लोवेलच्या बचतपेढींत ९७८ मुलींच्या ठेवी होत्या आणि त्यांची एकूण रक्कम अदमासें १,००,००० डॉलर होती. अर्थशास्त्रज्ञ या आंकड्यावरून मजुरीचे दर काढील. मी तो वाचतों तेव्हां पेढीच्या खिडकीपाशीं उभी असलेली, आपलें नांव वहींत लिहिलें गेलें कीं नाहीं हें वांकून पाहणारी मुलगी माझ्या डोळ्यांपुढें येते.

पैशापेक्षांही मोलाची वस्तु होती ती सायंकाळ. शेतावरच्या घरीं काम कमी होतें असें नाहीं. पण तेथें कामाला शेवट नव्हता. दूध झालें कीं स्वयंपाक, स्वयंपाक झाला कीं शिवण, आणि शिवतां शिवतां धाकट्या भावंडांची राखण. गिरणीची घंटा निष्ठुर खरी, परंतु सातला वाजली म्हणजे ती मुलीला मोकळीही करी. सातपासून दहापर्यंतचे ते दोन-तीन तास तिचे होते. त्या वेळांत ती व्याख्यानाला जाई. इमर्सनसारखा तत्त्वज्ञ लोवेलला व्याख्यानें देऊन गेला आहे. वर्गणी भरून पुस्तकें आणी, आणि प्रार्थनामंदिराशीं जोडलेल्या अभ्यासमंडळांत आपला लेख वाचून दाखवी. ल्यूसी लारकम ही पुढें कवयित्री म्हणून नांवाला चढली. तिचे वडील वारल्यावर आईनें लोवेलला येऊन वसतिगृह चालविलें, आणि ल्यूसी अकराव्या वर्षाच्या सुमारास गिरणींत भरलेल्या कांड्या काढून रिकाम्या लावण्याच्या कामावर लागली. कामावर पुस्तक आणण्यास बंदी होती. तेव्हां तिनें वर्तमानपत्रांतील कवितांचीं कात्रणें आपल्या खिडकीच्या कडेला चिकटविलीं आणि ती खिडकी हेंच आपलें पुस्तकालय केलें.

अशा मंडळांतून ऑक्टोबर १८४० मध्यें ‘लोवेल ऑफरिंग’ हें मासिक निघालें. आरंभीं एबल टॉमस नांवाचे धर्मोपदेशक तें पाहत. १८४२ पासून हॅरिएट फार्ले आणि हॅरिअट कर्टिस या गिरणींत काम केलेल्या दोघीजणी संपादिका झाल्या. अंकाची किंमत सव्वासहा सेंट होती. बहुतेक लेखिका टोपणनांवानें किंवा आद्याक्षरांनीं लिहीत. गांवच्या घराची आठवण, खिडकींत ठेवलेलें फुलझाड, मैत्रिणीचें लग्न, मृत्यूविषयींचे विचार, असे त्यांचे विषय असत. भाषा पुष्कळदां शाळकरी आणि उपदेश पुष्कळदां उसना; तरी मधूनच एखादें वाक्य असें येतें कीं, तें दुसऱ्या कोणाला लिहितांच आलें नसतें. त्यांत अब्रूचाही प्रश्न होता. १८४० सालीं ऑरेस्टिस ब्राउन्सन या प्रसिद्ध लेखकानें मजुरांच्या कैवारानें लिहितां लिहितां असें विधान केलें कीं, गिरणींत काम केलें एवढ्यावरूनही चांगल्या मुलीची बेअब्रू होते. त्याला तडफदार उत्तर आलें तें याच मासिकांत, एका गिरणींतल्या मुलीकडून. आमच्या वतीनें कळवळून बोलणाऱ्यानें आधीं आमचा मान राखावा, असा त्या उत्तराचा रोख होता.

येथपर्यंतची कथा गोड आहे, आणि डिकन्सनें ती येथेंच सोडली. परंतु १८३४ सालीं मजुरी कमी केली म्हणून शेंकडों मुली काम टाकून बाहेर पडल्या होत्या. १८३६ सालीं वसतिगृहाचा खर्च वाढविला तेव्हां पुन्हां संप झाला. त्या दुसऱ्या संपांत आपल्या खोलींतल्या मोठ्या मुली घुटमळतांना पाहून, कोणी येवो वा न येवो, मी जाणार, असें सांगून प्रथम चालूं लागली ती अकरा वर्षांची हॅरिएट हॅन्सन. वर जिच्या आठवणींचा उल्लेख केला तीच ही. तिची विधवा आई कंपनीचें वसतिगृह चालवीत असे. मुलीला आवर घातला नाहीं म्हणून कंपनीनें आईचें तें काम काढून घेतलें. पुढें यंत्रांचा वेग वाढला, एकेका मुलीकडे अधिक माग आले, आणि वारामागें मजुरी मात्र उतरली. या गोष्टींना ‘ऑफरिंग’च्या पानांत फारसा थारा मिळाला नाहीं.

हें ज्या बाईनें उघड बोलून दाखविलें ती सॅरा बॅग्ली मूळची याच मासिकाची लेखिका. गिरणींतील जीवनाचीं सुखें सांगणारा तिचा निबंध पहिल्या वर्षांतच छापला गेला होता. यंत्राच्या गलबल्यांतही मन आपल्या विचारांत राहूं शकतें, हें त्यांतील एक सुख. पांच वर्षांनीं, फेब्रुवारी १८४५ मध्यें, दहा तासांच्या दिवसाची मागणी घेऊन ती कायदेमंडळाच्या समितीपुढें उभी राहिली. अर्जांवर दोन हजारांहून अधिक सह्या होत्या. तिच्या साक्षींत दोन गोष्टी मुख्य होत्या : जेवणास वेळ पुरत नाहीं त्यानें प्रकृति बिघडते, आणि कामाचे तास एवढे लांब कीं, मनाच्या मशागतीला सवड उरत नाहीं. हिवाळ्यांत काम सुटल्यावर ती चार वर्षें रात्रीची शाळा चालवीत होती, आणि त्या श्रमानें आपली प्रकृति ढासळली असावी, असें तिनें सांगितलें. समितीचा अध्यक्ष लोवेलचाच प्रतिनिधि होता. कायद्यानें यांत हात घालण्याचें कारण नाहीं, असा निर्णय झाला. त्याच वर्षीं जुलैंत बॅग्लीनें जाहीर सभेंत आरोप केला कीं, ‘ऑफरिंग’ हें मालकांच्या सोईचें मासिक असून आपले टीकात्मक लेख तेथें नाकारले गेले. फार्लेनें तो नाकारला. मजुरी आणि तास यांचा वाद हें आपल्या मासिकाचें क्षेत्रच नव्हे. श्रम करणाऱ्या मुलीलाही बुद्धि आणि रसिकता असते हें दाखविणें, एवढेंच आपलें काम, अशी तिची भूमिका होती. डिसेंबर १८४५ मध्यें मासिक बंद पडलें.

फार्लेला मी मालकांची हस्तक म्हणणार नाहीं. गिरणीवाली मुलगी म्हणून नाक मुरडणाऱ्या जगापुढें तिनें या मुलींचीं मनें मांडलीं, हें काम लहान नव्हतें. परंतु तिच्या हिशेबांत एक चूक राहिली. मन आणि वेळ या दोन वस्तु निराळ्या आहेत असें तिनें धरलें. जो लेख ती छापीत होती तो रात्रीच्या दोन तासांत लिहिलेला होता, आणि बॅग्ली मागत होती तेही तेवढेच दोन-तीन तास अधिक. अर्जावरच्या सह्या आणि मासिकांतल्या कविता एकाच दिव्याच्या उजेडांत झाल्या होत्या. आणखीही एक मौन येथें सांगितलें पाहिजे. लोवेलचा कापूस दक्षिणेंत गुलामांच्या हातांनीं पिकलेला होता. त्या मुलींपैकीं कांहींजणी गुलामगिरीविरुद्धच्या मंडळांत होत्या. पण तोच कापूस रोज त्यांच्या बोटांतून जात होता, आणि त्यांचें स्वातंत्र्यही त्याच धाग्यावर उभें होतें.

पुढें शेतकऱ्यांच्या मुली हळूहळू निघून गेल्या आणि त्यांच्या जागीं आयर्लंडहून आलेलीं गरीब माणसें आलीं. लारकम शिक्षिका झाली. रॉबिन्सन स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झटली. बॅग्ली १८४६ सालीं लोवेलच्या तारयंत्राच्या कचेरींत कामाला लागली, आणि आपल्याआधींच्या पुरुषापेक्षां आपल्याला पगार कमी आहे, हें तिला पुढच्या वर्षीं स्प्रिंगफील्डच्या कचेरींत गेल्यावर कळलें. स्त्रियांसाठीं दहा तासांचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्यें झाला तो १८७४ सालीं.

मिळवत्या अविवाहित मुलीचें मन मराठींत उघडें झालें तें १९३३ सालीं, ‘कळ्यांचे निःश्वास’ या पुस्तकांत. तेंही विभावरी शिरूरकर या टोपणनांवानें, आणि ही कोण याची चर्चा किती दिवस चालली हें जुन्या वाचकांना माहीत आहे. लोवेलच्या त्या आद्याक्षरांचा अर्थ मला हें पुस्तक वाचून अधिक कळला. आपलें मन सांगावयाचें असेल तर नांव झांकावें लागतें, हा अनुभव दोन्हीकडे एकच.

परवां माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली होती. ती दुसऱ्या शहरीं नोकरी करते आणि मुलींच्या वसतिगृहांत राहते. मीं तिला पगार विचारला, जेवण कसें असतें तें विचारलें, आणि वडीलकीच्या हक्कानें लग्नाचा विषयही काढला. तिनें सर्वांचीं उत्तरें नम्रपणें दिलीं. जातांना जोडे घालतां घालतां म्हणाली, “सर, रात्रीं साडेनऊनंतर खोलींत मी एकटी असतें. तेव्हां थोडें लिहितें.” काय लिहितेस, असें विचारण्याच्या आधींच ती जिना उतरून गेली. लोवेलविषयीं इतकीं वर्षें शिकवूनही विचारावयाचा प्रश्न माझ्या तोंडीं शेवटीं यावा, याचें मला वाईट वाटलें. पुढच्या खेपेस ती आली म्हणजे तोच मी आधीं विचारणार आहें.