कंपास-पट्टी रचना

फक्त कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून, मोजक्या पायऱ्यांत पूर्ण होणारी भौमितिक रचना. पट्टीने दोन ज्ञात बिंदूंतून रेषा काढतात. कंपासने ज्ञात केंद्र व त्रिज्या घेऊन वर्तुळ काढतात. रेषा आणि वर्तुळे जिथे छेदतात ते बिंदू पुढच्या पायरीसाठी ज्ञात ठरतात. मोजपट्टीने लांबी किंवा कोनमापकाने कोन मोजायची मुभा नसते. यूक्लिड (इ. स. पू. सुमारे ३००) यांच्या ‘एलेमेंट्स’ या १३ खंडांच्या ग्रंथातील पहिली तीन गृहीतके याच कृतींची आहेत आणि त्यातील पहिले विधान दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढण्याचे आहे.

समांतर रेषेची रचना: रेषा कख आणि तिच्याबाहेरील बिंदू प दिला आहे. रेषेवर म हा बिंदू घेऊन पम जोडतात. म केंद्र आणि पम पेक्षा लहान त्रिज्या घेऊन काढलेला कंस मख ला च मध्ये व मप ला छ मध्ये छेदतो. त्याच त्रिज्येने प केंद्रातून कंस काढला, की तो पम ला ज मध्ये छेदतो. मग कंपासात चछ एवढे अंतर घेऊन ज पासून त्या कंसावर, पम च्या ख नसलेल्या बाजूला, ट ही खूण करतात. व्युत्क्रम कोन समान झाल्यामुळे पट ही रेषा कख ला समांतर असते. अशी रेषा असते हे दाखवायला यूक्लिडचे पाचवे गृहीतक लागत नाही. ती एकमेव आहे हे सिद्ध करायला मात्र लागते.

मर्यादा: एकक लांबीपासून बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांनी मिळणाऱ्या लांबीच या साधनांनी काढता येतात. १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती या चौकटीत बसते, हे गाउस यांनी १७९६ मध्ये दाखवले. घनाचे घनफळ दुप्पट करण्यासाठी दोनाचे घनमूळ लागते. म्हणून ती रचना अशक्य आहे. कोणत्याही कोनाचे त्रिभाजन करणारी सर्वसाधारण रचनाही नाही. या दोन्ही गोष्टी व्हांत्सेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केल्या. ‘पाय’ ही बीजातीत संख्या असल्याचे लिंडेमान यांनी १८८२ मध्ये सिद्ध केल्यावर वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढण्याचा प्रश्नही निकालात निघाला. ही अशक्यता साधनांच्या नियमातून येते: पट्टीवर दोन खुणा करायची मुभा दिली, तर कोनाचे त्रिभाजन करता येते.