सुई आणि सूची

राजूरकडे कुणी गोधडी शिवायला घेतली की आधी जाड सुई शोधतात. ती सुई आणि राज्यघटनेतली सूची एकाच घरातल्या. संस्कृतात सूची म्हणजे सुई; प्राकृतात ‘च’ झिजला, मराठीत सुई उरली. टोकाने दाखवायचं, म्हणून सूचना, सूचक आणि यादी या अर्थाची सूचीसुद्धा.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत अशा तीन सूची आहेत. भंडारदऱ्याला अडलेलं प्रवरेचं पाणी राज्य सूचीतलं, नोंद १७. तेच गोदावरीतून तेलंगणाकडे निघालं की केंद्र सूचीतली नोंद ५६ जागी होते. कळसूबाईच्या अंगावरचं जंगल आधी राज्याच्या यादीत होतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वनं समवर्ती सूचीत नेली.

समवर्ती म्हणजे सर्वांशी सारखं वागणारा. अमरकोशात हे चक्क यमाचं नाव आहे! त्याला राव-रंक सारखेच. इथे मात्र दोन कायदे भिडले तर कलम २५४ प्रमाणे केंद्राचा टिकतो; राज्याचा टिकायचा तर राष्ट्रपतींची संमती लागते. या शब्दातला ‘सम’ मला तरी फसवा वाटतो.