निरोपात टाइप लिहायचा की नाही? एका छोट्या अ‍ॅट्रिब्यूटचा इतिहास

समजा, दुसऱ्या कॉम्प्युटरकडून तुमच्या प्रोग्रॅमला एवढाच मजकूर आला: ०२०. आता हा पुण्याचा एसटीडी कोड की वीस हा आकडा? कोड असेल तर पुढचं शून्य जपायला हवं. आकडा असेल तर ते गेलं तरी बिघडत नाही. एक्सएमएल स्वतःहून याचं उत्तर देत नाही, त्याच्या लेखी सगळा मजकूरच. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल १.० हे डब्ल्यू३सीचं अधिकृत रेकमेंडेशन झालं आणि लोक त्यातून एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवरची फंक्शन्स बोलवू लागले. लगेच प्रश्न आला: टाइपची माहिती ठेवायची कुठे? निरोपातच, की दोघांनी आधी ठरवलेल्या करारात?

१९९८ च्याच एक्सएमएल-आरपीसीनं सोपा मार्ग घेतला. टाइप मोजकेच, आणि प्रत्येक किंमत आपल्या टाइपच्या नावाच्या टॅगमध्ये गुंडाळायची. टॅग नसेल तर ती स्ट्रिंग. विषय संपला.

गुंता झाला सोपमध्ये. सोप १.१ ची नोट मे २००० ची. एक्सएमएल स्कीमा मात्र पक्की झाली २ मे २००१ ला, म्हणजे जवळपास वर्षभरानं. ही तारखांची उलटापालट नीट लक्षात ठेवा. ज्या टाइप-पद्धतीवर टेकायचं, तीच अजून मसुद्यात होती. त्यामुळे सोपच्या पाचव्या विभागात डेटा निरोपात कसा मांडायचा याचे स्वतंत्र नियम आले. टाइप कळण्याच्या वाटा तीन: घटकावर ‘एक्सएसआय:टाइप’ हे अ‍ॅट्रिब्यूट असेल, किंवा तो घटक टाइप सांगितलेल्या अ‍ॅरेत असेल, किंवा घटकाच्या नावावरून स्कीमात टाइप सापडेल.

सगळी गंमत त्या ‘किंवा’त आहे.

अपाची सोप ही जावामधली लायब्ररी निरोपातच टाइप शोधायची. मायक्रोसॉफ्टचं सोप टूलकिट सेवेच्या वर्णनाच्या फाइलवर विसंबायचं आणि निरोपात टाइप लिहायचं नाही. स्पेसिफिकेशननुसार दोघंही बरोबर! पण एकाचा निरोप दुसऱ्याकडे गेला की ‘डीसिरियलायझर सापडला नाही’ अशी एरर. मग प्रत्येक घटकाच्या नावासाठी हातानं मॅपिंग लिहीत बसा. त्यात मसुद्यातल्या स्कीमाचा नेमस्पेस १९९९ चा, पक्क्या स्कीमाचा २००१ चा. म्हणजे टाइप लिहिलेला असूनही, जुना नेमस्पेस ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला तो दिसायचाच नाही. २००१ मध्ये सोपबिल्डर्स या गटातल्या लोकांनी चाचण्यांच्या फेऱ्याच घेतल्या: स्ट्रिंग पाठव, तीच परत येते का बघ, पूर्णांक पाठव, तोच परत येतो का बघ.

निकाल यायला २००३ उजाडलं. मार्च २००१ च्या डब्ल्यूएसडीएल १.१ मध्ये ‘एन्कोडेड’ आणि ‘लिटरल’ असे दोन पर्याय होते. ऑगस्ट २००३ मध्ये डब्ल्यूएस-आय या संस्थेच्या बेसिक प्रोफाइल १.० नं फक्त ‘लिटरल’ ठेवला, आणि निरोप घेणाऱ्यानं ‘एक्सएसआय:टाइप’चा हट्ट धरू नये असं सांगितलं. अपवाद एकच: मूळ टाइपच्या जागी त्यापासून निघालेला टाइप पाठवला असेल तर. करारात ‘वाहन’ आहे आणि प्रत्यक्षात ‘ट्रक’ आला, तर ते निरोपातच सांगावं लागणार ना? म्हणजे हे अ‍ॅट्रिब्यूट मेलं नाही, स्कीमात त्याचं जे काम होतं तेवढ्यापुरतं उरलं.

आता हे तुम्हाला का सांगतोय? साहित्य-आढाव्यात आपण सहज लिहून जातो, ‘सोप हे स्टँडर्ड असल्यामुळे वेगवेगळ्या प्रणाली एकमेकींशी बोलू शकल्या.’ माझ्याही पहिल्या मसुद्यात हे वाक्य होतं. गाइडनी समासात एवढंच लिहिलं: ‘कोणत्या दोन?’ त्या दोन शब्दांनी मला स्पेसिफिकेशनमधून बाहेर काढून जुन्या एरर मेसेजेसकडे नेलं.

तेव्हा कुठल्याही स्टँडर्डचा इतिहास लिहिताना दोन गोष्टी करा. ते ज्यावर उभं आहे, त्याच्या तारखा शेजारी मांडा. आणि जिथे ‘चालेल’, ‘ऐच्छिक’, ‘किंवा’ असे शब्द येतात तिथे थांबा. ‘असलंच पाहिजे’ या वाक्यांवर सगळ्यांचं एकमत असतं. भांडणं बहुतेकदा ‘चालेल’वर होतात.

आणि हा प्रश्न जुना झालाय असं समजू नका. जेसनमध्ये आकडा लिहिता येतो, पण तो किती मोठा असावा याला बंधन नाही. जावास्क्रिप्ट मात्र २ च्या ५३ व्या घातापुढचे सगळे पूर्णांक अचूक ठेवू शकत नाही. म्हणून २०१० मध्ये ट्विटरनं प्रत्येक ट्वीटचा आयडी आकड्यासोबत स्ट्रिंग म्हणूनही द्यायला सुरुवात केली. निरोप आकडा म्हणतोय, घेणारा तो नीट वाचू शकत नाही. ओळखीचं वाटतंय ना?